बसलेली बॅटरी टाकून देण्यापूर्वी

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर आपण एरवी बेणे, लागण, खतांचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या आणि खोडवा याविषयी बोलतो. या वेळी ट्रॅक्टरच्या बॅटरीविषयी लिहीत आहे. ऊस विकास अधिकाऱ्याचा आणि बॅटरीचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, एकदा कोयता लागला म्हणजे ऊस कोणासाठी थांबत नाही. तो जसजसा शिळा होतो तसतसे त्याचे वजन घटते आणि साखरही उतरते. म्हणून तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा असा आपला सर्वांचा प्रयत्न असतो. आता दोन ट्रॉल्या भरून फडात उभ्या आहेत, टोळीची माणसे मोळ्या वाहून दमून बसली आहेत, आणि ड्रायव्हरने चावी फिरवली तर नुसते ‘टक’! अशा वेळी नुकसान एकट्या ट्रॅक्टरमालकाचे होत नाही. ज्याचा ऊस त्याचे वजन जाते, टोळीची खेप बुडते आणि कारखान्याला शिळा ऊस मिळतो.

अशा प्रसंगी दोन प्रकारची घाई होताना दिसते. कोणी ‘बॅटरी गेली’ म्हणून तालुक्याला जाऊन काही हजार रुपये मोजून नवी बॅटरी आणतो. दुसरा कोणी ऐकीव माहितीवर तिच्यात ॲसिड ओततो, पावडरी टाकतो आणि बरी होणारी बॅटरी कायमची घालवतो. दोन्ही घाया टाळता येतात. बसलेली दिसणारी बॅटरी तीनपैकी एका अवस्थेत असते : तिला काहीच झालेले नसते, फक्त जोड खराब असतो, किंवा ती उतरलेली म्हणजे रिकामी झालेली असते, किंवा ती खरोखर मेलेली असते. पहिल्या दोन अवस्थांतली बॅटरी घरच्या घरी उठते. तिसरी कोणाच्याही हाताने उठत नाही. तेव्हा आधी अवस्था ओळखायची, मग हात घालायचा.

बॅटरीच्या पोटात काय असते?

शिसे आणि गंधकाम्ल यांची ही बॅटरी १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने तयार केली. आज बाहेरची पेटी प्लॅस्टिकची झाली, आतली युक्ती तीच आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात. प्रत्येक घर पूर्ण भरलेले असताना सुमारे २.१ व्होल्ट देते, म्हणून भरलेल्या बॅटरीवर मीटर सुमारे १२.६ दाखवतो. प्रत्येक घरात तपकिरी आणि राखी अशा दोन जातींच्या शिशाच्या प्लेटा एकाआड एक बसवलेल्या असतात आणि त्या पातळ गंधकाम्लात बुडालेल्या असतात.

आपण सेल्फ मारतो तेव्हा ॲसिडातला गंधकाचा अंश प्लेटांवर जाऊन बसतो आणि ॲसिड पातळ होत जाते. इंजिन चालू झाले, अल्टरनेटर फिरू लागला, की तोच अंश प्लेटा सोडून पुन्हा ॲसिडात येतो. बॅटरी उतरणे आणि भरणे म्हणजे एवढेच. ॲसिड कोठे खर्च होत नाही, ते बॅटरीतच ये-जा करते. खर्च होते ते पाणी, कारण चार्ज होताना थोडे पाणी वायुरूप होऊन निघून जाते. ही एक गोष्ट ध्यानात राहिली तर पुढच्या बहुतेक चुका आपोआप टळतील.

आपल्या भाषेत सांगायचे तर प्लेटांवरचा हा थर म्हणजे जमिनीवर फुटलेला क्षार. क्षार नुकताच फुटला असेल तर चर काढून, निचरा करून जमीन पुन्हा वळणावर येते. पण वर्षानुवर्षे पाणी साचून जमीन मिठागरासारखी झाली, म्हणजे मग खर्च करूनही हाती फारसे लागत नाही. बॅटरीचे तसेच आहे. उतरलेली बॅटरी दोन दिवसांत चार्ज केली तर थर विरघळतो. तीच महिनोन्‌महिने तशीच पडून राहिली तर थराचे कडक खडे होतात, आणि ते सहजासहजी हलत नाहीत.

प्रथम जीव जपा

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ४ झाले तरी ठिणगीने भडका उडू शकतो. म्हणून बॅटरीजवळ विडी-काडी, चूल, कंदील काही नको. ‘आत पाणी आहे का’ हे काडी ओढून पाहण्याचा प्रकार तर अजिबात करू नये. बॅटरी फुटली तर ॲसिड सरळ तोंडावर उडते. चार्जिंग पडवीत किंवा मोकळ्या हवेच्या जागी करावे, माणसे झोपतात त्या खोलीत नव्हे.

डोळ्यांवर चष्मा असावा, निदान फवारणीचा तरी. हातात रबरी मोजे, आणि शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवावी. हातातले कडे, अंगठी, घड्याळ काढून ठेवावे, कारण धातू दोन टर्मिनलांच्या मध्ये आला तर क्षणात लाल होतो. ॲसिड डोळ्यात उडाले तर डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्याची धार डोळा उघडा धरून किमान १५ ते २० मिनिटे सोडा, आणि तसेच तडक दवाखाना गाठा. मुलांना या कामाजवळ फिरकू देऊ नये.

रोग ओळखण्याची सोपी रीत

आजार म्हशीला आणि औषध पखालीला असे होऊ नये म्हणून आधी ही परीक्षा करावी. हेडलाइट लावा आणि एका माणसाला समोर उभे न करता बाजूला, दिवा दिसेल असे उभे करा. मग सेल्फ मारा.

१) दिवा चांगला उजेड देतो, सेल्फ मारल्यावरही मंद होत नाही, आणि इंजिन फिरत नाही : बॅटरी बहुधा ठीक आहे. दोष सेल्फच्या वायरीत, स्विचमध्ये किंवा सेल्फमध्येच आहे. क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रलला असल्याशिवाय सेल्फ लागू नये अशी सोय पुष्कळ ट्रॅक्टरांना असते, तेही पाहावे.

२) दिवा लागतो, पण सेल्फ मारताच विझू-विझू होतो किंवा ‘टक-टक-टक’ असा आवाज येतो : बॅटरी उतरलेली आहे, किंवा टर्मिनल सैल अथवा गंजलेले आहे.

३) दिवा मुळीच लागत नाही : बॅटरी पार रिकामी आहे, किंवा वायर सुटलेली आहे, किंवा फ्यूज गेला आहे.

दुसऱ्या प्रकारात चावी बंद करून दोन्ही टर्मिनलांना बोट लावून पाहावे. एखादे गरम लागले तर तो जोड खराब आहे असे समजावे. इंजिनाच्या किंवा चासीच्या अंगाला जिथे अर्थाची वायर आवळलेली असते तो जोडही पाहावा. मळी, चिखल आणि पाचटाच्या धुळीने हा जोड हमखास खराब होतो. एका सभासदाने एकाच हंगामात दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. दोष निघाला तो या अर्थाच्या नटाखाली साचलेल्या गंजात.

टर्मिनल साफ करणे

पांढरी-हिरवी बुरशी आलेले टर्मिनल म्हणजे अर्धी बंद झालेली पाटाची दारे. साफ करताना निगेटिव्ह, म्हणजे बॉडीला जोडलेली वायर, आधी काढावी आणि जोडताना ती सर्वांत शेवटी जोडावी. उलटे केले आणि पाना बॉडीला लागला, तर मोठी ठिणगी पडते. काही फार जुन्या ट्रॅक्टरांत पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असे. म्हणून रंगावर न जाता बॅटरीवरील अधिक-उण्याची खूण बघूनच काम करावे.

तांब्याभर कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा टाकून ते पाणी टर्मिनलवर सोडावे. फसफस थांबली की जुन्या टूथब्रशने किंवा तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ धुवावे. या वेळी बॅटरीची बुचे घट्ट लावलेली असावीत, कारण सोड्याचा एक थेंबही आत जाता कामा नये. धातू चकचकीत दिसू लागला की कोरडे करून क्लॅम्प घट्ट आवळावा आणि मग वरून व्हॅसलिन लावावे. व्हॅसलिन जोडाच्या आत नव्हे, जोड आवळून झाल्यावर बाहेरून. अनेक ‘गेलेल्या’ बॅटऱ्या एवढ्यावरच उठतात.

पाणी कोणते, किती आणि केव्हा?

बुचे असलेल्या बॅटरीत पाणी उन्हाळ्यात जास्त लागते. प्लेटा उघड्या पडल्या की तेवढा भाग वाळून निकामी होतो. पाणी फक्त डिस्टिल्डच घालावे. विहिरीचे, बोअरचे, कॅनॉलचे किंवा नळाचे नाही. आपल्या भागातल्या पाण्याचे क्षार आपण चांगलेच ओळखतो. जे क्षार उसाचे पान करपवतात ते शिशाच्या प्लेटांना काय करतील, याचा विचार करा. गाळलेले किंवा उकळलेले पाणीही चालत नाही, कारण त्याने गाळ आणि जंतू जातात, क्षार जात नाहीत.

बॅटरी उतरलेली असेल तर चार्जिंगपूर्वी फक्त प्लेटा बुडतील इतकेच पाणी घालावे. चार्ज होताना पातळी वर चढते. आधीच काठोकाठ भरले तर ॲसिड बाहेर सांडते आणि ते कायमचे कमी होते. चार्जिंग पुरे झाल्यावर प्लेटांच्या वर १० ते १५ मिलिमीटर किंवा पेटीवरील खुणेपर्यंत पाणी भरावे.

बुचे नसलेल्या, सीलबंद बॅटरीत पाणी घालता येत नाही. तिच्यावर बहुधा एक डोळा असतो. हिरवा दिसला तर ठीक, काळा दिसला तर चार्ज करा, पांढरा किंवा फिका दिसला तर आतले पाणी आटले, अशी साधारण खूण आहे. तरी बॅटरीवरील चिठ्ठी वाचावी. हा डोळा सहापैकी एकाच घरातले सांगतो, बाकी पाचांचे नाही. तेव्हा त्याच्यावर सगळा भरवसा ठेवू नये. आणि सीलबंद पेटीला सुरीने, ड्रिलने भोके पाडू नयेत.

चार्जिंग : हळू आणि पुरते

उतरलेल्या बॅटरीचे खरे औषध म्हणजे सावकाश चार्जिंग. पी हळद नि हो गोरी असे इथे होत नाही. बॅटरीवर ॲम्पियर-तासाचा आकडा लिहिलेला असतो. त्याच्या दहाव्या हिश्शाइतका करंट द्यावा. ८० ॲम्पियर-तासांच्या बॅटरीला ८ ॲम्पियर. पार रिकामी असेल तर निम्म्यानेच, म्हणजे ४ ॲम्पियरने सुरुवात करावी. ८ ॲम्पियरने रिकामी बॅटरी भरायला १२ ते १४ तास लागतात, ४ ने त्याच्या दुप्पट. बाजारात घाईचे, जास्त करंटाचे चार्जिंग करून मिळते. त्याने प्लेटा तापतात, वाकतात आणि त्यांचा मसाला गळतो.

बॅटरीच्या वायरी ट्रॅक्टरपासून सोडवून मगच चार्जर लावावा. बुचे सैल करावीत. आधी लाल चिमटा अधिकाला, काळा उण्याला, आणि मग वीज चालू. काढताना आधी वीज बंद, मग चिमटे. पेटीला हात लावून पाहत जावे. हात ठेववत नाही इतकी तापली तर बंद करून निवू द्यावी. काही नवे स्वयंचलित चार्जर बॅटरी फारच उतरली असेल तर तिला ‘बॅटरी’ म्हणून ओळखतच नाहीत आणि दिवा लाल करून बसतात. म्हणून लगेच बॅटरी मेली असे समजू नये. बॅटरीवाल्याकडच्या साध्या चार्जरवर ती चढवून पाहावी. घरच्या २३० व्होल्टच्या विजेवर बल्ब आणि डायोड लावून बॅटरी भारण्याचा जुगाड मात्र कोणीही करू नये. त्यात बॅटरीच्या टर्मिनललाच घरची वीज येते आणि हात लावणारा माणूस दगावतो.

उतरलेली बॅटरी दुसऱ्याच्या मदतीने चालू करून ‘अल्टरनेटर भरील’ म्हणून सोडून देणे हेही अपुरेच. अल्टरनेटर रोजचा थोडा खर्च भरून काढण्यासाठी असतो. पार रिकामी बॅटरी भरण्याचे ओझे त्याच्यावर टाकले तर तो तापतो आणि बॅटरीही अर्धीच भरते.

भरली की नाही हे पाहण्यासाठी हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीवाल्याची ‘ग्रॅव्हिटी’ बघायची पिचकारी, घरात असावी. ती फार महाग नसते. प्रत्येक घरातले ॲसिड ओढून आकडा पाहावा :

१२५० ते १२८० — घर पूर्ण भरले.
१२०० च्या आसपास — साधारण निम्मे.
११५० च्या खाली — जवळजवळ रिकामे.

पाणी घातल्याबरोबर हा आकडा पाहू नये, ते मिसळल्यानंतर पाहावा. तासातासाने तीनदा पाहूनही आकडा वाढत नसेल आणि सगळ्या घरांतून बुडबुडे येत असतील तर चार्जिंग पुरे झाले. पिचकारी नसेल तर मीटर चालेल. चार्जिंगनंतर बॅटरी रात्रभर तशीच ठेवून सकाळी मीटर लावावा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे रिकामी.

कडक झालेली बॅटरी

चार-सहा महिने उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर कडक थर बसतो. अशीला २ ते ४ ॲम्पियरने एक-दोन दिवस, कधी त्याहूनही जास्त, धीराने चार्ज करावे, आणि दर काही तासांनी ग्रॅव्हिटी व पाणी पाहावे. आकडे थोडे थोडे चढू लागले तर आशा आहे. भरल्यावर तिच्यावर हेडलाइटचा बल्ब लावून काही वेळ उतरवावी आणि पुन्हा सावकाश भरावी. दोन-तीन वेळा असे केल्याने काही बॅटऱ्या बऱ्यापैकी ताकद धरतात. सगळ्या धरत नाहीत, आणि धरली तरी ती नव्यासारखी होत नाही. खोडव्याला कितीही खत दिले तरी लागणीचा उतारा तो देत नाही, तसे समजावे. अशी बॅटरी घरच्या दिव्याला वापरावी. हंगामात रात्रीच्या खेपेला तिच्यावर विसंबू नये.

बॅटरी खरोखर मेली, हे कसे ओळखावे?

- पुरते चार्जिंग करूनही मीटर १०.५ च्या आसपासच राहतो. याचा अर्थ सहापैकी एक घर आतल्या आत चिकटून बाद झाले : १२.६ मधून २.१ गेले.
- पाच घरांत ग्रॅव्हिटी १२५० आणि एकात ५० पेक्षा जास्त आकड्यांनी कमी. ते घर बाकीच्यांना घेऊन बुडते.
- पिचकारीत तपकिरी गढूळ ॲसिड येते. प्लेटांचा मसाला गळून खाली बसला आहे.
- भरल्यावर मीटर १२.६ दाखवतो, पण सेल्फ मारताना ९.६ च्या खाली कोसळतो. नाव मोठे, ताकद नाही.
- पेटी फुगली किंवा तडकली आहे. अशी बॅटरी चार्जरला लावूच नये.

यांपैकी एक जरी दिसले तरी तिच्यावर आणखी वेळ व पैसा घालू नये. आपल्याकडच्या उन्हात आणि खडबडीत रस्त्यात तीन ते पाच वर्षे चाललेली बॅटरी आपले काम करून गेली असे मानावे.

ऐकीव उपायांविषयी

‘ॲसिड कमी झाले, थोडे ओता.’ वर सांगितले तसे ॲसिड प्लेटांवर जाऊन बसलेले असते, कमी झालेले नसते. वरून आणखी ओतले तर ग्रॅव्हिटीचा आकडा खोटाच चढतो, एक-दोन दिवस बॅटरी जोर करते आणि मग प्लेटा झपाट्याने खाऊन जातात. ॲसिड सांडूनच गेले असेल तर ते भरणे जाणत्या बॅटरीवाल्याचे काम.

‘मॅग्नेशियम सल्फेट टाका.’ उसाला देण्यासाठी आणलेली पिशवी घरात असते, म्हणून हा मोह होतो. ते उसाच्या पानासाठी ठीक आहे. बॅटरीत त्याने कडक थराचा भरवशाचा इलाज होत नाही, आणि नको तो क्षार मात्र कायमचा आत राहतो. ॲस्पिरिनच्या गोळ्यांचेही तसेच. त्यापासून तयार होणारे आम्ल शिशाच्या प्लेटा खाते.

‘बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते.’ पूर्वीच्या लाकडी किंवा कठीण रबराच्या, पाझरणाऱ्या पेट्यांच्या काळात यात तथ्य होते. आजच्या प्लॅस्टिक पेटीला फरशी आणि फळी सारखीच.

फडात अडकल्यावर

दुसऱ्या ट्रॅक्टरची किंवा जीपची बॅटरी जोडून चालू करायचे तर दोन्ही १२ व्होल्टच्या आहेत हे पाहावे. ट्रॅक्टर न्यूट्रलला, ब्रेक लावलेला असावा. जाड वायरी घ्याव्यात आणि क्रम चुकवू नये : लाल वायरीचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या अधिकाला, दुसरे चांगल्या बॅटरीच्या अधिकाला. काळीचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या उण्याला, आणि शेवटचे टोक उतरलेल्या बॅटरीला नव्हे, तर त्या इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडाला ठिणगी पडते, ती वायूपाशी पडू नये म्हणून असे करायचे. मदतीचे इंजिन पाच मिनिटे चालवून मग सेल्फ मारावा, एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मध्ये मिनिटभर विसावा द्यावा. काढताना उलटा क्रम.

आपल्याकडे एक पद्धत आहे : शेजाऱ्याची बॅटरी बसवून ट्रॅक्टर चालू करायचा आणि इंजिन चालू असतानाच ती काढून घ्यायची. असे करू नये. बॅटरी निघताच व्होल्ट एकदम उसळतात आणि अल्टरनेटरचे डायोड जळतात. बॅटरीच्या दुरुस्तीपेक्षा ती दुरुस्ती महाग पडते.

आणखी एक गोष्ट हात जोडून सांगतो. चाकाजवळ जमिनीवर उभे राहून सेल्फच्या दोन बोल्टांना स्क्रू-ड्रायव्हर लावून ट्रॅक्टर चालू करू नका, आणि आपल्या ड्रायव्हरला करू देऊ नका. असे केल्याने न्यूट्रलची आणि क्लचची सगळी सोय वगळली जाते. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिलेला असेल तर तो त्याच क्षणी पुढे उडी घेतो, आणि मागचे मोठे चाक उभ्या माणसावरून जाते. यात माणसे मेली आहेत. उसाची एक खेप राहिली तर राहू द्या.

रात्रीच्या खेपेत इंजिन बंद पडले आणि बॅटरी रिकामी असली, तर भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर विना दिव्याच्या उभ्या राहतात. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला त्या दिसत नाहीत. म्हणून बॅटरीत शंका असेल तर रात्री ट्रॅक्टर रस्त्यावर काढू नये. ट्रॉलीच्या मागे-बाजूला रिफ्लेक्टर असावेतच, आणि ट्रॅक्टरवर एक हातबत्ती ठेवावी.

पुन्हा बसू नये म्हणून

भरलेली बॅटरी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर दोष बाहेर आहे. अल्टरनेटरचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. साधारण १० ते १५ मिलिमीटरपेक्षा जास्त दबला तर तो सैल आहे. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. कमी असतील तर बॅटरी भरत नाही, १५ च्या पुढे जात असतील तर ती उकळते आहे. टेप, जादा दिवे, मोबाइल चार्जर यांच्या वायरी थेट बॅटरीला जोडलेल्या असतील तर रात्रभर त्या गुपचूप करंट पितात. बॅटरी पेटीत घट्ट बांधलेली असावी, कारण हादऱ्याने प्लेटा सैल होतात.

हंगाम संपला की ट्रॅक्टर काही दिवस उभा राहतो, आणि बॅटऱ्या खऱ्या मरतात त्या याच एप्रिल-मेच्या उन्हात, काम नसताना. उभा करण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरावी, निगेटिव्ह वायर सोडून ठेवावी, आणि महिन्यातून एकदा मीटर लावावा. १२.४ च्या खाली आला की चार्ज करावी. एवढ्याने कडक थराचा प्रश्नच उरत नाही.

मेलेल्या बॅटरीचे काय करावे?

ती परसात फोडू नये. ॲसिड ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. माशांच्या जाळ्याला शिसे हवे म्हणून चुलीवर ते वितळवू नये. शिशाची धूळ आणि धूर लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करतो, आणि त्याचे निर्धोक असे प्रमाण आजवर आढळलेले नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुनी बॅटरी परत गोळा करून तिची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेताना जुनी दुकानात द्यावी. तिच्या शिशाला किंमत असते, ती बिलातून वजा करून घ्यावी आणि नव्या बॅटरीच्या हमीपत्रावर विक्रीची तारीख व दुकानाचा शिक्का घ्यायला विसरू नये.

पुढचा हंगाम सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी आपल्या ट्रॅक्टरचे टर्मिनल, पाणी, ग्रॅव्हिटी आणि पट्टा या चार गोष्टी पाहून घ्याव्यात. तोडणी-वाहतुकीचा ट्रॅक्टर दुसऱ्याचा असेल तर ज्या सभासदाचा ऊस तुटणार आहे त्याने ड्रायव्हरला हे विचारण्यात काही गैर नाही. ट्रॅक्टर त्याचा असला, तरी ट्रॉलीतला ऊस आपला आहे.